रिकाम्या टाकीचे सहा आठवडे



गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली. चित्रपटात पाहिलेले नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे नातीला हवे होते. दुकानदाराने सकाळी टाकी मांडली, पाण्यात मीठ कालवले आणि सायंकाळी मासे सोडले. चौथ्या दिवशी एक मेला, सहाव्या दिवशी दुसरा. नातीने एवढेच विचारले, "आजोबा, पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं. मग ते मेले कशानं?"

आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागली. उत्तर मला ठाऊक होते. ते मासे आणण्यापूर्वी आठवावयास हवे होते.

पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्दोष असते असे नाही, हे पिढ्यान् पिढ्या पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. अथांग समुद्रात तो विरून जातो, शंभर लिटरच्या टाकीत साठतो. त्याला रंग नसतो, परंतु तो माशाचे कल्ले जाळतो. समुद्राचे पाणी काहीसे अल्कधर्मी असल्यामुळे अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. आमचे मासे भोवतीच्या पाण्यातच गुदमरले.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. सूक्ष्म जिवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे पुष्कळच निरुपद्रवी असते. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास या जिवाणूंचे कार्य उलगडून दाखवले. हे जिवाणू मुख्यतः दगड, वाळू आणि गाळणीचा स्पंज यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. म्हणून मासे आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे माशांवाचून चालवावी लागते. शौकीन मंडळी याला 'सायकल' म्हणतात. आमच्या घरात आम्ही 'टाकी मुरू देणे' म्हणू लागलो.

ही वसाहत उभी राहण्यासाठी तिला आरंभी अमोनिया पुरवावा लागतो. त्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक म्हणजे काटक जातीचे मासे आधी सोडून त्यांना ते विषारी आठवडे सोसावयास लावणे. दुसरी म्हणजे मेलेली कोळंबी टाकीत कुजवणे. दोन्ही आपल्याला वर्ज्य आहेत. तिसरा मार्ग नवसागराचा. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच हा पदार्थ, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र येथे बाजारातला नव्हे, प्रयोगशाळेतील शुद्ध प्रतीचा घ्यावा. शंभर लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम घातला की अमोनियाचे प्रमाण दर लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास येते.

दुसऱ्या वेळी मी हाच मार्ग धरला. निमित्त शेजाऱ्यांचे झाले. त्यांची परगावी बदली झाली होती. त्यांच्याकडे त्याच जातीचे दोन मासे होते, पण टाकी भिंतीत बसवलेली, हलवता न येणारी. "तुमच्याकडे टाकी रिकामीच आहे, तर मासे घेऊन जा," असे त्यांनी सुचवले. मी दीड महिन्याची मुदत मागून घेतली.

टाकी धुतली. क्षारविरहित पाण्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे मीठ विरघळवले, विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २६ अंशांच्या जवळ राखले, पंप अहोरात्र चालू ठेवला. नात रोज चाचणीचे थेंब घालून रंग पाही आणि आकडा वहीत लिहून ठेवी. पहिला आठवडा अमोनिया हलला नाही. नवव्या दिवशी तो उतरू लागला आणि नायट्राइट वर चढले. मुरलेल्या टाकीतील स्पंजाचा तुकडा आणून ठेवला असता हा काळ कमी झाला असता, हे मला उशिरा सुचले.

तेहतिसाव्या दिवशी शेजाऱ्यांचे सामान बांधून झाले. वहीत नायट्राइट अद्याप उभेच होते. मुलगा म्हणाला, "बाबा, दोनच तर मासे आहेत. सोडून बघू." नात काही बोलली नाही, तिने वही माझ्यापुढे ठेवली. मी शेजाऱ्यांकडे आणखी काही दिवसांसाठी घराची किल्ली मागितली. ते गेले, आणि आम्ही आजोबा-नात दिवसातून दोनदा त्यांच्या रिकाम्या घरी जाऊन माशांना खाऊ घालू लागलो. चाळिसाव्या दिवशी टाकीत पुन्हा ०.६ ग्रॅम नवसागर घातला. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलले आणि मग मासे आणले. त्यानंतरही चाचणी थांबवली नाही.

टाकीत प्रवाळ ठेवण्याचाही नातीचा हट्ट होता. तो मी मानला नाही. भित्ती रचणारे प्रवाळ आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते समुद्रातून काढून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्या शास्त्रांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केली आहे, आजचे जीवशास्त्र त्याला प्राणी म्हणते. वर्गीकरण निराळे असले तरी प्रवाळ सजीव आहे, याविषयी दोहोंत मतभेद नाही. मालवणच्या समुद्रात ते आहे, तेथेच ते असू द्यावे.

आता मनातली गोष्ट. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला 'बंध' आणि शेवटचा 'अन्नपाननिरोध' आहे. टाकी कितीही उत्तम मुरली तरी बंध हा बंधच राहतो. शिवाय या माशांचे बाजारी खाद्य बहुधा मासळीच्या भुकटीचे असते, आणि त्यांना उपाशी ठेवणे हा पुन्हा अतिचार. या पेचातून मला निर्दोष वाट सापडलेली नाही. म्हणून हौसेखातर नवे मासे विकत आणू नयेत, असेच मी सुचवीन. परंतु कैदेत असलेले, समुद्रात परत सोडता न येणारे जीव आपल्या दारी आले, तर त्यांच्या आधी त्यांचे पाणी सिद्ध असले पाहिजे. घाई आपण करावी आणि तिची किंमत पंचेंद्रिय जीवाने द्यावी, हा प्रमाद आमच्या घरी एकदा घडला आहे.

नातीची ती वही टाकीशेजारीच असते. पहिल्या पानावर तिने त्या दोन माशांच्या मृत्यूचे दिवस लिहून ठेवले आहेत. ते पान मी फाडू दिलेले नाही.