सातबारा होता, तरी घर गेलं



वनहक्काचे दावे भरताना प्रत्येक पाड्यावर एक प्रश्न हमखास येतो. पट्टा हातात आला, सातबाऱ्यावर नाव चढलं, की मग आपल्याला कोणी उठवणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. तीन-तीन पिढ्या प्लॉट कसून दंडाच्या पावत्या डब्यात जपून ठेवणाऱ्या माणसाला कागदाची किंमत सांगावी लागत नाही. पण कागद आला की लढाई संपली, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी या अंकात एका लांबच्या शहराची हकिगत सांगतो. तिथल्या लोकांकडे कागद होता, अगदी पक्का. तरी त्यांची वस्ती उठली.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर कनेटिकट राज्य आहे. त्यात थेम्स नदीच्या मुखाशी न्यू लंडन हे बंदराचं शहर. (शहराचं नाव आणि नदीचं नाव, दोन्ही इंग्लंडवरून आणलेली. ही जमीन मुळात पेक्वॉट आदिवासींची. १६३७ च्या लढाईत गोऱ्यांनी त्यांची कत्तल केली आणि मग इथे शहर बसवलं. त्या वेळी मोबदल्याचा प्रश्नसुद्धा कोणाला पडला नाही. ती गोष्ट पुढे कधीतरी स्वतंत्र लिहू.) १९९८ साली वस्ती २४ हजारांच्या आतली होती, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. १९९६ साली तिथल्या फोर्ट ट्रंबुल भागातलं आरमाराचं केंद्र बंद झालं आणि दीड हजारांवर लोकांचा रोजगार गेला. बेकारी राज्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. शहर खरंच अडचणीत होतं, हे आधी मान्य करू.

१९९८ साली फायझर या औषधांच्या बलाढ्य कंपनीने जाहीर केलं की फोर्ट ट्रंबुलला लागूनच आपण ३० कोटी डॉलरचं संशोधन केंद्र बांधणार. शहराच्या कारभाऱ्यांना वाटलं, दिवस पालटले. शहराचा मध्यभाग आणि नदीकाठ नव्याने उभा करायचा बेत ठरला. सुमारे ९० एकरांवर हॉटेल, दुकानं, नवी घरं, बोटींचा धक्का, कचेऱ्या. हजारावर नोकऱ्या निघतील आणि कर वाढेल, असा हिशेब मांडला. काम एका विकास महामंडळाकडे दिलं. ते सरकारी खातं नव्हतं, खाजगी संस्था होती. पण शहराच्या कौन्सिलने तिला आपल्या नावाने सक्तीने जमीन घ्यायचा अधिकार देऊन टाकला. जमिनीवर शेवटचा हात सरकारचा, या अधिकाराला तिकडे 'एमिनेंट डोमेन' म्हणतात.

बहुतेकांनी पैसे घेऊन घरं सोडली. नऊ जणांनी नाही म्हटलं. त्यांची १५ घरं-जागा होत्या. त्यात एक म्हातारी होती, तिचा जन्मच त्या घरात १९१८ साली झालेला. घर तिच्या माहेरच्यांचं, शंभर वर्षांवरचं. लग्न करून नवरा १९४६ साली तिथेच राहायला आला. मुलाला लग्नात शेजारचं घर दिलं. सुझेट केलो या बाईंनी मात्र घर १९९७ सालीच घेतलं होतं. नदीचं पाणी दिसावं म्हणून घेतलं आणि हौसेने गुलाबी रंगवलं. घरं पडकी होती, वस्ती गलिच्छ होती, असं शहराचंही म्हणणं नव्हतं. गुन्हा एवढाच, की ती नकाशाच्या मध्ये येत होती.

तेही धड नाही. यातली ११ घरं ज्या तुकड्यावर होती त्याचं नेमकं काय करणार, हे ठरलेलंच नव्हतं. शेजारच्या बागेला येणाऱ्यांसाठी गाड्या लावायची जागा, किंवा दुकानं, किंवा धक्क्याला उपयोगी काहीतरी. म्हातारीचं घर 'काहीतरी'साठी जाणार होतं. त्याच वस्तीतला एक क्लब, जिथे पुढाऱ्यांची ऊठबस होती, तो मात्र वगळला गेला. आणि मोकळी केलेली जमीन विकासकाला ९९ वर्षांच्या भाड्याने द्यायची बोलणी चालली होती. भाडं वर्षाला एक डॉलर. हे सगळं कोर्टाच्या कागदात आहे, कोणा विरोधकाचा प्रचार नाही.

२००० सालच्या नोव्हेंबरात, त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी, दारावर नोटिसा लागल्या. नऊ जण कोर्टात गेले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २३ जून २००५ रोजी ते ५ विरुद्ध ४ अशा मतांनी हरले.

आता कायद्याचा मुद्दा, तो नीट समजून घ्या. त्यांच्या घटनेत लिहिलं आहे की सार्वजनिक उपयोगासाठी आणि योग्य मोबदला देऊनच खाजगी मालमत्ता घेता येईल. उपयोग म्हणजे रस्ता, धरण, शाळा, असा साधा अर्थ. पण कोर्टाने आधीपासूनच 'उपयोगा'चं 'प्रयोजन' करून ठेवलं होतं. १९५४ साली राजधानी वॉशिंग्टनमधली एक वस्ती झोपडपट्टी म्हणून साफ करण्यात आली, तेव्हा कोर्टाने त्याला परवानगी दिली होती. तिथून उठवलेल्यांत शंभरातले ९७ लोक काळे होते. न्यू लंडनच्या वेळी आणखी पुढचं पाऊल पडलं. शहराची आर्थिक भरभराट हेच सार्वजनिक प्रयोजन, आणि ते आहे की नाही हे ठरवणं लोकांनी निवडलेल्या कौन्सिलचं काम, कोर्ट त्यात फार डोकावणार नाही. सांगितलेल्या नोकऱ्या खरोखर मिळतील का, हेही कोर्टाने तपासायचं नाही. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी विचारलं, की मग कोणाचंही घर पाडून तिथे बाजार उठवायला आणि कोणाचंही शेत घेऊन कारखाना घालायला अडवणार कोण? आणि याचा फायदा ज्यांचं वजन जास्त त्यांनाच होणार.

आपल्याला यात नवीन काय? आपला २०१३ पर्यंतचा भूसंपादन कायदा इंग्रजांनी १८९४ साली केला होता, त्यात सुरुवातीपासूनच 'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्द होता. आणि त्याचं कलम ६(३) म्हणायचं की सरकारने तसं जाहीर केलं की तोच पुरावा, निर्णायक पुरावा. म्हणजे अमेरिकन कोर्टाला पन्नास वर्षं लागली तिथे आपण पहिल्या दिवसापासून उभे होतो. नंतर त्याच्याही पुढची तयारी झाली. २००७ च्या दुरुस्ती विधेयकात असं होतं की कंपनीने ७० टक्के जमीन विकत घेतली तर उरलेली ३० टक्के सरकार सक्तीने घेऊन देईल, आणि तेसुद्धा सार्वजनिक प्रयोजन. लोकसभेने ते २००९ च्या फेब्रुवारीत मंजूर केलं होतं. राज्यसभेत मंजूर व्हायच्या आत लोकसभेची मुदत संपली म्हणून ते बाद झालं. पुन्हा आणायची भाषाही तेव्हा चालू होती. न विकणारा शेवटचा माणूस, न्यू लंडनची ती म्हातारी, तिच्यासाठीच हे कलम होतं.

पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. निकालावर अमेरिकाभर एवढा संताप उसळला की चाळीसवर राज्यांनी आपापल्या कायद्यात बदल केले. काहींनी कडक केले, काहींनी नुसता देखावा केला. फोर्ट ट्रंबुलच्या लोकांना त्याचा उपयोग झाला नाही. २००६ साली तडजोड झाली, केलोबाईंचं गुलाबी घर उचलून शहरात दुसरीकडे उभं केलं, बाकीची पाडली. मग ज्या विकासकाला जमीन द्यायची होती त्याला पैसा उभा करता आला नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फायझरनेही जाहीर केलं की आम्ही न्यू लंडन सोडून नदीपलीकडे जातो. कोट्यवधी डॉलरचा सरकारी पैसा घातला आणि नंतर कित्येक वर्षं तिथे गवतच होतं.

कोर्टाचं एक म्हणणं मात्र आपण झटकून टाकू नये. ते म्हणालं, निवडून आलेल्या कौन्सिलने ठरवलं आहे. आपणही रोज म्हणतो, ग्रामसभा ठरवेल. मग फरक काय? फरक असा की कौन्सिल अख्ख्या शहराचं होतं आणि घरं एका वस्तीची जाणार होती. बाकीच्या शहराला नोकऱ्यांची आशा होती, जाणार काहीच नव्हतं. आपल्याकडे ग्रुप ग्रामपंचायतीत हेच घडतं. आठ पाडे, एक पंचायत. जमीन वरच्या दोन पाड्यांची जाणार, ठराव खालच्या गावठाणात होणार, आणि सह्या टेबलावर फिरणार. १९९६ चा पेसा कायदा गाव म्हणजे पाडा किंवा पाड्यांचा समूह असं म्हणतो आणि जमीन घेण्याआधी विचारविनिमय करायला सांगतो. वनहक्क कायदा छोटी शाळा, अंगणवाडी, रस्ता यांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देतानासुद्धा ग्रामसभेची शिफारस मागतो. आणि पर्यावरण मंत्रालयाच्या २००९ च्या ऑगस्टच्या पत्रकाने दुसऱ्या कामांना वनजमीन वळवण्याआधी वनहक्काचं काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि ग्रामसभांची संमती मागितली होती. हे हत्यार आहे, पण ते पंचायतीच्या कपाटात राहिलं तर दुसऱ्याच्या हातात जाईल.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला पाडेवार ग्रामसभेची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. कोरड्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, 'फक्त हजेरी' म्हणाले तरी. प्रकल्पाचा ठराव पुढे आला तर आधी विचारा की कोणत्या गट नंबरची किती जमीन, नेमकी कशासाठी, आणि काम झालं नाही तर जमीन परत कोणाची. उत्तर 'काहीतरी' असं आलं तर तेच शब्द इतिवृत्तात लिहून घ्या. वनहक्क समितीच्या बायकांनी या वेळी स्वतः वही धरावी, ग्रामसेवकावर सोडू नये.