ग्रहांची भीती आणि ग्रहांची ओळख

शाळेच्या पुस्तकात सूर्यमालेचे चित्र असते. मध्यभागी सूर्य व त्याभोवती दाटीवाटीने आठ ग्रह. मूल ही आठ नावे पाठ करते आणि परीक्षेत लिहून मोकळे होते. घरी मात्र त्याच्या कानी निराळेच पडते: ताईला मंगळ आहे, काकांना साडेसाती लागली आहे, ग्रहणात गरोदर वहिनीने विळीला हात लावू नये. शाळेतील मंगळ आणि घरातील मंगळ एकच की दोन, हे त्याला कोणी सांगत नाही. धम्मदीक्षा घेऊन ज्यांनी पंचांगाला रजा दिली, त्यांच्यापैकीही काही घरांत लग्न ठरविताना चोरून पत्रिका पाहिली जाते. हे कटू असले तरी सत्य आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सूर्यमाला मुलांकडून पाठ करवून घेऊ नये. ती त्यांना मोजावयास लावावी. त्यासाठी पैसा लागत नाही. घाटकोपर ते मुलुंड हे अंतर रेल्वेने सुमारे १२ किलोमीटर आहे. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतची सर्व मालिका एवढ्यात बसवून पाहा. घाटकोपर स्थानकावर ठेवलेला सूर्य १२ फूट रुंदीचा, म्हणजे चाळीतील एका खोलीएवढा होईल. पृथ्वी तेथून ४०० मीटरांवर, लहानशा लिंबाएवढी. तिच्यापासून एक मीटरावर चंद्र, हरभऱ्याएवढा. मंगळ सूर्यापासून ६०० मीटरांवर, सुपारीएवढा. दोन किलोमीटरांवर गुरू, मोठ्या कळशीएवढा. शनी विक्रोळीच्या आसपास, युरेनस भांडुपजवळ आणि नेपच्यून मुलुंडला. बाकी सारे जवळजवळ रिकामे!

आता मुलालाच विचारा: ही सुपारी लिंबाच्या अगदी निकट आली तरी दीडशे मीटर दूर असते, ती लिंबावरील एका मुलीचे लग्न कशी मोडते? शनीला सूर्याभोवती एक फेरी करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणून बारा राशींपैकी प्रत्येकीत तो सुमारे अडीच वर्षे दिसतो. तीन राशींची मिळून झाली साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांपैकी तीन राशींची माणसे, जगाची जवळजवळ चौथाई, साडेसातीतच असतात! इतक्या लोकांवर एकाच वेळी एकच संकट येते काय?

आणि राहू-केतू कोणत्या स्थानकावर उभे आहेत? कोठेच नाहीत. चंद्राची वाट पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला ज्या दोन ठिकाणी छेदते, त्या बिंदूंची ही नावे. तेथे दगड नाही, धूळ नाही. त्या बिंदूंजवळ चंद्र असता अमावास्या आली तर सूर्यग्रहण आणि पौर्णिमा आली तर चंद्रग्रहण होते.

या दोन रिकाम्या बिंदूंनी आपल्या वाडवडिलांचा केवढा अपमान केला! ग्रहण लागले की महार-मांगांनी "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी देत दारोदार फिरावे आणि गावाने जुनेरे व धान्य टाकून आपले अशुभ त्यांच्या पदरात घालावे, अशी रीत होती. सावली पडली चंद्रावर, डाग लागला माणसाला! दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते करून पोट भरण्याची गणना हीन विद्यांत केली आहे. तेव्हा सूर्यमालेचा धडा आपल्या घरी केवळ गुणांसाठी नाही.

मुंबईत साधनांची वाण नाही. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये उघडले. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शालेय विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड मुंबईतच भरले. आपल्या वस्तीतील मुले तेथवर का पोहोचू नयेत? पहिली पायरी घराच्या गच्चीवर आहे. शुक्र, मंगळ, गुरू व शनी हे ग्रह शहराच्या झगमगाटातही नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर मुंबईत खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली तर त्या दिवशी दारे लावून बसू नका. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, ही खबरदारी मात्र खरी आहे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि त्या भोकातून येणारा प्रकाश कागदावर घ्या; कोरलेला सूर्य त्यावर उमटेल. तो मुलांना दाखवा, आणि आजीलाही हाताला धरून बाहेर आणा. तिने ती आरोळी ऐकली असेल; आता तिने हे चित्रही पाहावे.