वेढा, वचन आणि वाचक



बायबलमधील संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचू लागलेल्या मराठी वाचकाची पहिली चूक बहुधा एका शब्दामुळे होते. तो शब्द म्हणजे ‘भविष्य’. भविष्य म्हटले की पंचांग, पत्रिका आणि पुढे घडणाऱ्या गोष्टींचे कथन आपल्या डोळ्यांसमोर येते. हिब्रू परंपरेतील ‘नबी’ हा मात्र ज्योतिषी नव्हे. तो निरोप घेऊन आलेला माणूस आहे. मराठी बायबलमध्ये रूढ झालेला ‘संदेष्टा’ हा शब्द म्हणूनच अधिक नेमका आहे. निरोप हा नेहमी कोणाला तरी आणि कोणत्या तरी प्रसंगी दिलेला असतो. हा भेद विसरून, वेढ्यात सापडलेल्या लोकांना मिळालेली ईश्वरी संरक्षणाची वचने वाचली, तर त्यांचा अर्थ पार उलटा होतो. असा उलटा अर्थ लावणारे लोक खुद्द यरुशलेमेतच होते आणि त्यांची समजूत त्या शहराला फार महाग पडली, असे माझे मत आहे. या मताची कारणे आपल्यापुढे मांडतो.

वाचलेले शहर

इ. स. पू. ७२२च्या सुमारास उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या सत्तेपुढे पडली. दक्षिणेकडे यहूदाचे लहान राज्य उरले. तेथील राजा हिज्कीया याने पुढे अश्शूरविरुद्ध बंड केले आणि इ. स. पू. ७०१मध्ये सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. लाखीश हे भक्कम तटबंदीचे नगर त्याने जिंकले. त्या विजयाची शिल्पे त्याच्या निनवे येथील राजवाड्यात कोरली गेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मग यरुशलेमेची पाळी आली. त्या वेळी संदेष्टा यशया याने राजाला धीर दिला. सम्राट या नगरात पाऊल ठेवणार नाही, आला त्याच वाटेने परत जाईल, असा त्याच्या निरोपाचा आशय होता. आणि खरोखरच यरुशलेम पडले नाही.

येथवरची कथा सर्वांना आवडते. परंतु अभ्यासकाने येथे थांबू नये. सन्हेरीबाच्या मातीच्या लेखात ४६ तटबंद नगरे घेतल्याचा आणि दोन लाखांहून अधिक लोक बाहेर काढल्याचा दावा आहे. हिज्कीयाला पिंजऱ्यातील पाखरासारखे कोंडल्याची फुशारकीही त्यात आहे. मात्र यरुशलेम जिंकल्याचे त्यात कोठेही म्हटलेले नाही. बायबलमधील ‘दुसरे राजे’ हा ग्रंथ सांगतो, की हिज्कीयाने ३० किक्कार सोने आणि ३०० किक्कार चांदी खंडणी म्हणून दिली आणि त्यासाठी मंदिराच्या दारांचा सोन्याचा पत्राही उतरवला. हीच हकिकत यशयाच्या ग्रंथात आली आहे, पण तेथे खंडणीचा मजकूर नाही. एकाच कथेच्या दोन पाठांतील हा फरक आपण नजरेआड करता कामा नये. सुटकेची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना सुटकेची किंमत गळून पडते, असे येथे दिसते.

यशयाला ती किंमत ठाऊक होती. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सियोन नगरी ही उजाड मुलखात मागे उरलेल्या, मळ्यातल्या राखणदाराच्या खोपटासारखी दिसते. खोपट उभे आहे, पण पीक कोठे आहे? अन्यत्र तो नगरवासीयांवर रागावतो. तटासाठी घरे पाडली, पाण्याची साठवण केली, पण ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याकडे पाहिले नाही आणि शोक करायच्या वेळी मेजवान्या झोडल्या, हा त्याचा आरोप आहे. एका भविष्यवाणीत तर वेढा घालणारा स्वतः देवच आहे. अशा माणसाला अभंग तटाचा जामीनदार ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होय. त्याच्या वचनात विश्वास, न्याय आणि पश्चात्ताप यांची अट सदैव गुंफलेली आहे.

पडलेले शहर

पुढे शंभर वर्षे लोटली. अश्शूर नष्ट झाले आणि बाबेलची सत्ता उदयाला आली. दरम्यान यरुशलेमेतील पुष्कळांच्या मनात एक समजूत घट्ट झाली होती: जेथे देवाचे मंदिर आहे ते नगर पडणे शक्य नाही. एकदा दिलेल्या निरोपाचा असा कायमचा विमा झाला.

या समजुतीला यिर्मया या संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभे राहून आव्हान दिले. परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करायचा आणि मंदिराचे नाव घेऊन निर्धास्त राहायचे, हे चालणार नाही, असे त्याने बजावले. शिलो येथेही पूर्वी देवस्थान होते, त्याचे काय झाले ते जाऊन पाहा, असेही तो म्हणाला. लोक त्याच्या जिवावर उठले. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी दिलेला दाखला मला फार मोलाचा वाटतो. यशयाचा समकालीन मीखा याने सियोन शेतासारखी नांगरली जाईल असे सांगितले होते. तसे घडले नाही, तरी त्याला कोणी खोटे ठरवले नाही. कारण हिज्कीयाने ते ऐकून देवाची करुणा भाकली आणि म्हणून अरिष्ट टळले, असे त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते. म्हणजे भविष्यवाणी सशर्त असते, हा नियम आधुनिक टीकाकारांनी बाहेरून आणलेला नाही. तो त्या परंपरेनेच सांगितला आहे.

यानंतर हनन्या नावाचा संदेष्टा पुढे आला. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, असे त्याने सांगितले आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू लोकांसमोर मोडून टाकले. मित्रहो, हनन्याची भाषा यशयाच्या भाषेहून फारशी वेगळी नव्हती. देव तोच, नगर तेच, आश्वासनही तसेच. तरीही एकाच्या तोंडी ते सत्य ठरले आणि दुसऱ्याच्या तोंडी असत्य. शब्द जुने होते, प्रसंग बदलला होता आणि अट गाळली गेली होती.

अट गाळल्याने काय होते, हे अखेरच्या वेढ्यातील एक प्रसंग दाखवतो. शत्रू दाराशी असताना यरुशलेमेतील धनिकांनी आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त करण्याचा करार केला. मिसरची फौज निघाल्याची वार्ता येताच बाबेलच्या सैन्याने वेढा तात्पुरता उठवला. संकट टळले असे वाटताच त्याच धनिकांनी मुक्त केलेल्या माणसांना पुन्हा दास्यात ओढले. यिर्मयाच्या संतापाचे खरे कारण येथे आहे. संरक्षणाचे वचन ज्यांना हवे होते, त्यांना आपल्या घरातील दुबळ्यांना संरक्षण द्यायचे नव्हते. वेढा परत पडला आणि इ. स. पू. ५८६च्या सुमारास नगर व मंदिर दोन्ही जळाली.

दोन आक्षेप

माझ्या या वाचनावर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. श्रद्धावान वाचक म्हणेल, की देवाचे वचन काळाने बांधलेले नसते. ते सर्व पिढ्यांसाठी असते. हा आक्षेप मी आदराने ऐकतो. पण वचन सर्व पिढ्यांसाठी असेल, तर त्यातील अटही सर्व पिढ्यांसाठी असली पाहिजे. आश्वासन ठेवून अट टाकणे ही श्रद्धा नव्हे, सोय होय.

चिकित्सक वाचक म्हणेल, की या कथा घटनेनंतर लिहिल्या गेल्या, म्हणून भविष्यवाणीची चर्चाच व्यर्थ आहे. या ग्रंथांचे संपादन दीर्घकाळ चालले, हे मलाही मान्य आहे. परंतु तसे असेल तर एक प्रश्न अधिकच तीव्र होतो. शहर जळून गेल्यावरही त्या संपादकांनी यशयाची आश्वासने फेकून दिली नाहीत आणि यिर्मयाचे कठोर शब्दही झाकले नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी जपून ठेवले. वाचकाने दोन्ही एकत्र वाचावे, असाच त्या मांडणीचा अर्थ मी घेतो.

वाचकाचे काम

आपण प्रौढ वाचक आहात. ‘काही होणार नाही’ हे वाक्य संसारात आपण अनेकदा ऐकले असेल. ते कधी आधार देते, कधी जागे होऊ देत नाही. शब्द तेच असतात. फरक बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि वेळ कोणती यात असतो. म्हणून संरक्षणाची कोणतीही भविष्यवाणी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाला सांगितले आहे? कोणत्या अटीवर? आणि ती अट गाळल्याने कोणाचा फायदा होतो? ‘दुसरे राजे’ अध्याय १८ व १९ आणि यशया अध्याय ३६ व ३७ हे शेजारी ठेवून वाचा, म्हणजे या प्रश्नांचे महत्त्व आपल्याला स्वतःलाच जाणवेल. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. निदान दोन पाठ ताडून पाहण्याचे कष्ट आपण घ्यावेत.

शेवटी यिर्मयाविषयीच एक गोष्ट. नगराला वेढा पडलेला असताना आणि तो स्वतः कैदेत असताना त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत १७ शेकेल चांदी मोजून विकत घेतले. साक्षीदार बोलावले, खरेदीखत मोहोरबंद केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले. नगर पडणार हे तो सांगत होता. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हेही तोच सांगत होता. तट टिकेल असे खोटे आश्वासन न देताही माणसांना आशा देता येते. संरक्षणाच्या भविष्यवाणीचा सर्वांत प्रामाणिक अर्थ मला त्या मातीच्या भांड्यात सापडतो.