‘द मॅट्रिक्स’मधील बुद्ध कोणता?

डेव्हन ॲव्हेन्यू ज्या शिकागोत आहे, त्याच शहरात ‘द मॅट्रिक्स’च्या दिग्दर्शिका लाना आणि लिली वाचोव्स्की जन्मल्या. १९९९ साली चित्रपट आला, तेव्हा ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये रॉजर ईबर्ट यांनी त्यास चारपैकी तीन तारे दिले, एवढी विचारप्रवर्तक कल्पना अखेर नेहमीच्याच गोळीबारात संपते, ही त्यांची तक्रार रास्त होती.

पुढे काही अभ्यासकांनी त्यास ‘बौद्ध’ ठरवले, कारण त्यातील जग आभास आहे. योगाचार परंपरेत त्यास आधार सापडेलही. परंतु जग मिथ्या मानणारा मायावाद ही मुख्यतः शांकर वेदान्ताची ओळख. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दुःख वास्तव मानले आणि जगाची पुनर्रचना हे धम्माचे प्रयोजन सांगितले. चवदार तळ्यावरील बंदी हा काही आभास नव्हता.

धम्माच्या जवळचे असे चित्रपटात काही असेल, तर ते मॉर्फियसच्या शिकवणीत आहे. तो निओला दार दाखवतो. आत पाऊल निओनेच टाकायचे असते. बाबासाहेबांचा बुद्धही मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. मुलांसोबत हा चित्रपट पाहताना हा भेद आपणच त्यांना समजावून सांगितला पाहिजे. समीक्षक तो सांगणार नाहीत.