तान्ह्याचा श्वास आणि उपचारांची पारख

घरात बाळ जन्मास आले की त्याच्या पहिल्या रडण्याकडे साऱ्या घराचे कान लागलेले असतात. ते ऐकू आले म्हणजे आजीचे हात आपोआप जोडले जातात आणि ओसरीवर बसलेल्या बापाच्या जिवात जीव येतो. परंतु कधी ते रडणे ऐकूच येत नाही. कधी येते, पण दोन-चार दिवसांत बाळ धापा टाकू लागते, छाती आत ओढू लागते, दूध सोडते. अशा वेळी घरात सल्ल्यांची वाण पडत नाही. एक म्हणतो इंजेक्शन द्या, दुसरा म्हणतो प्राणवायू लावा, तिसरा हळूच सुचवितो की डाग द्या. हेतू प्रत्येकाचा चांगलाच असतो. पण चांगल्या हेतूने केलेला उपचार चांगलाच असतो, असे मात्र नाही. तेव्हा उपचाराची पारख कशी करावी, याचा विचार आज या सदरात करू.

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. तेथील व भोवतालच्या खेड्यांतील आपल्या कुटुंबांस शेतीचे उदाहरण लगेच पटेल. सोयाबीनचे नवे बियाणे बाजारात आले, तर शहाणा शेतकरी सारे रान त्यानेच पेरीत नाही. एकाच रानाचे दोन तुकडे करून एकात जुने व दुसऱ्यात नवे पेरतो, खतपाणी सारखेच देतो आणि मळणीला दोन्हीकडचे धान्य मोजतो. औषधाची खरी परीक्षाही अशीच असते. रोगी दोन गटांत वाटावयाचे, तेही वैद्याच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून; एका गटास नवा उपचार द्यावयाचा, दुसऱ्यास द्यावयाचा नाही; आणि शेवटी किती वाचले, किती गेले हे प्रामाणिकपणे मोजावयाचे. असा हिशेब झाल्यावाचून “या औषधाने आमचा बाळ्या बरा झाला” या बोलण्यास फारसे मोल नाही. तो औषधावाचूनही बरा झाला असता किंवा काय, हे कोण सांगणार?

आता बाळाच्या फुप्फुसाकडे वळू. आईच्या उदरात बाळाचे फुप्फुस पाण्याने भरलेले असते. जन्मताच ते पाणी शोषले जाऊन हवा आत शिरते. ती हवा बाहेर गेल्यावर फुप्फुसातील बारीक पिशव्या मिटून एकमेकींस चिकटू नयेत, म्हणून आत साबणाच्या फेसासारखा एक पदार्थ असतो. तो गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांत तयार होतो. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळास प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड जातो आणि थोड्याच वेळात ते थकून जाते. हे कारण अमेरिकेतील डॉ. मेरी एलेन एव्हरी यांनी सहकाऱ्यासह १९५९ साली दाखवून दिले.

कारण कळले, पण उपाय हाती नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस पुत्र झाला. हे कुटुंब आपल्याच कॅथोलिक श्रद्धेचे. बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मले. त्याचा बाप्तिस्मा तातडीने उरकून त्याचे नाव पॅट्रिक ठेवण्यात आले. त्यास बोस्टनच्या नामांकित बालरुग्णालयात नेऊन मोठ्या दाबाच्या प्राणवायूच्या कोठडीत ठेवले. तरीही ३९ तासांनी ते देवाघरी गेले. जगातील सर्वांत बलवान सत्ताधीशाच्या बाळासही त्या दिवशी कोणी वाचवू शकले नाही, कारण परीक्षेस उतरलेला उपचारच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

तो उपचार न्यूझीलंडमधील मेंढ्यांच्या कळपातून आला. डॉ. लिगिन्स यांच्या ध्यानात आले की, गर्भातच स्टेरॉइड दिलेले कोकरू फार लवकर जन्मले, तरी त्याचे फुप्फुस हवा धरते. त्यांनी डॉ. हॉवी यांच्यासह ऑकलंड येथे २८२ मातांवर चिठ्ठ्या टाकून परीक्षा केली आणि १९७२ साली तिचा निकाल प्रसिद्ध केला. ज्या मातांस इंजेक्शन मिळाले त्यांच्या बाळांपैकी सुमारे ९ टक्क्यांस श्वासाचा विकार झाला. ज्यांस मिळाले नाही त्यांच्यात तो सुमारे २६ टक्क्यांस झाला. अशा आणखी परीक्षा झाल्या. परंतु त्या इकडेतिकडे विखुरलेल्या राहिल्या आणि पुष्कळ डॉक्टर वर्षानुवर्षे ते इंजेक्शन देईनात. पुढे डॉ. पॅट्रिशिया क्राउली यांनी त्या सर्व परीक्षा एकत्र मांडल्या, तेव्हा लाभ निर्विवाद ठरला. उपचारांचे पुरावे गोळा करणारी ‘कॉक्रेन’ ही संस्था १९९३ साली स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हात याच इंजेक्शनाच्या सात परीक्षांचे चित्र आहे. हिशेब वेळेवर न मांडल्याने केवढे नुकसान होते, त्याची ती खूण आहे.

१९७१ साली सतत हलका दाब देऊन फुप्फुस उघडे ठेवण्याची रीत सॅन फ्रान्सिस्को येथे निघाली. १९८० साली जपानमध्ये डॉ. फुजिवारा यांनी गुरांच्या फुप्फुसापासून तयार केलेला तो फेसाळ पदार्थ थेट बाळाच्या फुप्फुसात सोडून दाखविला. असंख्य बाळे या दोन्ही उपायांनी वाचली आहेत.

आता प्राणवायूची गोष्ट ऐका. १९४० नंतरच्या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांस भरपूर प्राणवायू देणे हीच उत्तम सेवा समजली जाई. पण अशी हजारो बाळे आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली असा अंदाज आहे. अखेर १९५३-५४ साली अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून परीक्षा केली आणि अतिरिक्त प्राणवायूच दोषी ठरला. मग भीतीने हात इतका आखडला गेला की, प्राणवायूवाचून काही बाळे दगावली. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सिद्धार्थ रामजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः न रडणाऱ्या ८४ बाळांवर एक परीक्षा केली व १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. काही बाळांस निव्वळ प्राणवायू दिला, काहींस साधी हवा. साधी हवा कोठेही उणी पडली नाही. पुढील मोठ्या परीक्षांनी तेच सांगितले. म्हणून २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, पूर्ण दिवसांच्या बाळास श्वास द्यावयाचा तो प्रथम साध्या हवेनेच द्यावा. तेव्हा परिचारिका पिशवी दाबून नुसती हवा देत असेल, तर “नळी का लावीत नाही?” म्हणून तिच्यावर संतापू नये. तिचे काम बरोबर चालले आहे.

यावरूनही अधिक मोलाचा धडा आपल्या मराठी मुलखाने दिला. स्टेरॉइडचे इंजेक्शन मोठ्या रुग्णालयांत गुणकारी ठरले. मग ते खेडोपाडी का देऊ नये? हे पाहण्यासाठी सहा देशांत परीक्षा झाली. तीत आपल्याकडील नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. सुमारे १ लाख जन्मांचा हिशेब झाला आणि २०१५ साली निकाल बाहेर आला. सर्वांनी मान खाली घातली. अगदी लहानखुऱ्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट सर्व बाळे धरता, जेथे इंजेक्शन पसरविले तेथे दर हजारी साडेतीन मृत्यू अधिक झाले. दिवस नीट न मोजता, ज्यांस गरज नव्हती अशा पुष्कळ मातांनाही इंजेक्शन मिळाले होते आणि मागाहून बाळाची निगा राखण्याची सोय बहुतेक ठिकाणी तोकडी होती. त्यानंतर हीच परीक्षा पाच देशांतील २९ रुग्णालयांत पुन्हा झाली. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय तीत अग्रभागी होते. येथे गर्भाचे आठवडे नीट मोजले होते आणि बाळांची निगाही होती. २०२० सालचा निकाल असा की, इंजेक्शन दिलेल्या गटात १९.६ टक्के बाळे दगावली, न दिलेल्या गटात २३.५ टक्के. औषध एकच, एका ठिकाणी तारक, दुसऱ्या ठिकाणी मारक!

यातून आपण काय घ्यावे? सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर गावच्या इंजेक्शनवाल्यास घरी बोलावू नये. त्या मातेस तत्काळ रुग्णालयात न्यावे. २०१४ च्या सरकारी नियमानुसार परिचारिका पहिली मात्रा देऊन पुढे पाठवू शकते. पण ती देणे न देणे तिनेच दिवस मोजून ठरवावयाचे आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवणे हे घराचे काम होय. तो एक कागद पुष्कळ किमती यंत्रांइतका उपयोगी पडतो.

मग खेड्याच्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि तेही मराठी मुलखातच सिद्ध झाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी काही गावांत सुईणी व आरोग्यसेवकांस बाळाचा श्वास मोजण्यास आणि न्यूमोनियावर औषध देण्यास शिकविले. शेजारची गावे तुलनेसाठी ठेवली. १९९० सालच्या निकालात, त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ प्रसंगांत शंभरांत एकाहूनही कमी बालके दगावली. तुलनेच्या गावांत शंभरांत १३ ते १४. ज्या सुईणींना अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांची पाटी व वाळूचे घड्याळ केले. दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जलद. पुढे गावातल्याच स्त्रियांस नवजात बाळाची घरी निगा घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. हा निकाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. जन्मतः न रडणाऱ्या बाळास प्रथम तोंडाने, नंतर नळी-मुखवट्याने आणि शेवटी पिशवी-मुखवट्याने श्वास दिला गेला; गुदमरून होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी कमी झाले.

हीच रीत २०११ पासून देशभर स्वीकारली गेली. आज धार किंवा देवास जिल्ह्यातील खेड्यात ‘आशा’ कार्यकर्ती सव्वा महिन्यात सहा-सात वेळा बाळ पाहावयास येते, ती याच कामाचे फळ आहे. तिला दारातून परत पाठवू नका. सोयरसुतकाचे कारण सांगून बाळ लपवू नका.

आता त्या तिसऱ्या सल्ल्याविषयी, म्हणजे डागण्याविषयी. न्यूमोनियास कोणी ‘डब्बा’ म्हणतात, माळव्यात ‘पसली चालणे’ म्हणतात, आणि तापल्या सळईने वा विळ्याने पोट-छाती डागतात. मेळघाटात यासच ‘डंबा’ म्हणतात. मध्य प्रदेशातीलच शहडोल जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये अशी डागलेली तीन महिन्यांची मुलगी दगावली. डागल्याने फुप्फुसातील रोग तसूभरही हटत नाही. उलट कोवळ्या कातडीस जखम होते, तीत जंतू शिरतात आणि दवाखान्यात जाण्याची वेळ निघून जाते. ज्या आजी हे करावयास सांगतात त्यांची माया खोटी नाही. त्यांच्या काळी दुसरा उपाय दिसत नव्हता, म्हणून त्यांनी हाती आले ते केले. आज उपाय आहे. तेव्हा त्यांचा अपमान न करता, पण ठामपणे, हा हात आवरला पाहिजे.

वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. बाळ शांत असता पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक झाले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तितकेच भरले, किंवा श्वास घेताना छाती आत जाते, बाळ कण्हते, ओठ निळे पडतात, अंग गार लागते, दूध ओढीत नाही, यांपैकी एक जरी आढळले, तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, कारण गारठलेले बाळ श्वासाने लवकर थकते. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा निराळा विभाग असतो. तेथून गरजेप्रमाणे इंदूरला पाठवितात. आणि बाळ घरी असो वा दवाखान्यात, त्याच्याजवळ विडी अथवा चुलीचा धूर नको.

परमेश्वराने आपल्या हाती दिलेला जीव सांभाळावयास माया हवी, हे खरेच. पण मायेच्या जोडीस मोजमापही हवे. येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर घरातील सूनबाई, सासूबाई आणि बाळाचा बाप, तिघांनीही घड्याळ समोर ठेवून श्वास मोजून पाहावा. प्रसंग पडण्याआधी हात बसलेला बरा.