आधी खूण, मग कुलूप

समजा, एखाद्या महापालिकेच्या अर्थसंकल्पाचा मसुदा संगणकावर तयार होतो आहे. सर्वांत वर संपूर्ण अर्थसंकल्प, त्याखाली बांधकाम, आरोग्य, शिक्षण असे विभाग, विभागांखाली खाती आणि तळाशी लेखाशीर्षे. संगणकशास्त्रात अशा मांडणीला ट्री, म्हणजे वृक्षरचना म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक घटकाला नोड. एक कारकून खड्डेदुरुस्तीचे आकडे बदलत असतानाच मुख्य लेखापालांनी संपूर्ण बांधकाम विभागाला सरसकट कपात लावली, तर एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली पुसले जाईल, आणि ते दोघांनाही कळणार नाही.

यावर उपाय लॉकचा, म्हणजे कुलपाचा. ज्याला बदल करायचा आहे त्याने तो नोड आपल्या नावे बंद करावा आणि काम झाले की स्वतःच उघडावा. मात्र वृक्षात एका नोडचे कुलूप त्या नोडपुरते राहत नाही. विभाग बंद केला की त्याखालचे सगळे बंद होते. म्हणून कुलूप लावण्यापूर्वी नोड स्वतः मोकळा आहे, त्याच्या वरचा एकही पूर्वज बंद नाही आणि खालचा एकही वंशज बंद नाही, एवढे पाहावे लागते.

पूर्वज तपासणे सोपे असते, कारण वर जाण्याची वाट एकच. वंशज मात्र असंख्य असू शकतात. प्रत्येक नोडला दहा अपत्ये आणि मुळाखाली पाच पातळ्या असतील, तर एकूण नोड होतात 1,11,111. मूळ बंद करण्यासाठी इतके नोड चाळणे परवडणारे नाही. त्यामुळे प्रत्येक नोडपाशी एक मोजणी ठेवतात: आपल्याखाली सध्या किती कुलपे आहेत. खाली कुलूप लागले की त्याच्या प्रत्येक पूर्वजाची मोजणी एकने वाढते, निघाले की एकने कमी होते. आता मुळापाशी फक्त आकडा शून्य आहे का एवढेच पाहायचे, आणि तळाच्या नोडपासून मुळापर्यंत जायला पाच पायऱ्या पुरतात.

नोकरीच्या मुलाखतींत हा प्रश्न विचारला जातो आणि बहुतेक उत्तरे इथेच थांबतात. खरी अडचण इथून पुढे आहे. लेखापाल बांधकाम विभागाची मोजणी पाहतात, ती शून्य असते. त्याच क्षणी कारकून वरचे पूर्वज तपासतो, तेही मोकळे असतात. मग दोघेही कुलूप लावतात आणि दोघांनाही ‘यशस्वी’ असा संदेश मिळतो. दोघांची तपासणी बरोबर होती. चूक आहे ती तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत. एकट्याने चाचणी घेतली तर ही फट कधीच दिसत नाही. गर्दीच्या दिवशी दिसते.

सरळ उपाय असा की तपासणी आणि नोंद होईपर्यंत संपूर्ण वृक्षावर एकच पहारा ठेवावा. यासाठी म्यूटेक्स वापरतात, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी यंत्रणा. नोडचे कुलूप अर्धा दिवस राहील, पण हा पहारा क्षणभराचाच असतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. छोट्या कार्यालयाच्या कामाला हा उपाय पुरेसा आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

हजारो वापरकर्ते असतील तर पहाऱ्यापाशीच रांग लागते. याचे उत्तर 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतून आले. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटेन्शन लॉक, म्हणजे इराद्याची खूण, ही कल्पना मांडली. कारकुनाने मुळापासून खाली यायचे आणि प्रत्येक पूर्वजावर ‘मी खाली काहीतरी बंद करणार आहे’ अशी खूण ठेवत जायचे. दोन कारकुनांच्या खुणा एकमेकींना आड येत नाहीत. खूण आणि पूर्ण कुलूप मात्र एकत्र राहू शकत नाहीत. एका नोडवरची खूण ही एकच अखंड कृती असली की झाले. लेखापाल आधी आले किंवा कारकून आधी आला, तरी बांधकाम विभागाच्या नोडवर दोघांची गाठ पडतेच, आणि एकाला थांबावे लागते.

नीट पाहिले तर ही खूण म्हणजे ती मोजणीच आहे, फक्त क्रम उलटा. तिथे कुलूप लावून झाल्यावर नोंद होत होती. इथे आधी नोंद होते आणि मग कुलूप लागते. सगळे यश त्या क्रमाचे आहे. ग्रे यांना 1998 चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, ते अशाच व्यवहारविषयक कामासाठी. मायएसक्यूएल या डेटाबेस यंत्रणेचे इनोडीबी हे इंजिन आजही ओळींना कुलूप लावण्याआधी संपूर्ण तक्त्यावर इराद्याची खूण ठेवते.

डेडलॉक, म्हणजे कोंडी, यातूनही पूर्णपणे टळत नाही. दोन कारकून एकमेकांनी बंद केलेले लेखाशीर्ष मागत बसले, तर एकाला माघार घ्यायला लावावीच लागते. कुलपाच्या बढतीतही सापळा आहे. एखाद्याकडे खालची अनेक कुलपे असतील आणि त्याला वरचा नोड हवा असेल, तर आधी खालची उघडून मग वर जाणे घातक, कारण त्या मधल्या क्षणात तिसरा कोणी शिरू शकतो. वरचे मिळेपर्यंत खालचे सोडू नये. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस यंत्रणेत एका आज्ञेने एकाच तक्त्यावर सुमारे 5,000 कुलपे घेतली, की ती यंत्रणा त्यांच्याऐवजी संपूर्ण तक्त्याचे कुलूप मागते. दुसऱ्या कोणाचे कुलूप आड आले तर हाती असलेल्या कुलपांवरच काम चालू ठेवते.

आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत वृक्षरचना सहसा एका विषयात शिकवली जाते आणि कुलपे दुसऱ्या विषयात, बहुधा वेगळ्या वर्षी. या दोहोंची भेट प्रयोगशाळेत घडवायला हवी. हीच वृक्षरचना विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी, तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये मुद्दाम काही मिलिसेकंदांची उसंत ठेवावी, आणि दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन कार्यप्रवाह, त्यावर सोडून बाप आणि लेक असे दोन्ही नोड किती वेळा एकदम बंद होतात ते मोजायला लावावे.