स्मारकांतलें संगीत

थोर व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिचें स्मारक उभारावें असा विचार सुचणें सोपें. तें स्मारक शंभर वर्षांनींही लोकांस आपलें वाटावें, हें कठीण. पुतळ्यास वर्षांतून एकदां हार पडतो. एरव्हीं त्याच्याकडे पहावयास कोणास सवड नसते. सिंगापूर शहरांतील एका वास्तूनें हें कठीण काम कसें साधलें, तें या खेपेस वाचकांपुढें ठेवीत आहों.

सिंगापूर नदीच्या मुखाजवळ १८६२ सालीं बांधून झालेला टाऊन हॉल होता. १९०१ सालीं व्हिक्टोरिया राणी निवर्तली, तेव्हां त्याच्या शेजारीं तिच्या स्मारकादाखल एक सभागृह बांधावयाचें ठरलें. बिडवेल नांवाच्या शिल्पज्ञानें दोन्ही इमारतींस एकच रूप दिलें व मध्यें घड्याळाचा उंच मनोरा योजिला. १९०५ च्या ऑक्टोबरांत व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल खुला झाला, आणि १९०९ पर्यंत जुन्या टाऊन हॉलचें नाट्यगृह झालें.

परंतु या वास्तूच्या नशिबीं निराळेंच लिहिलें होतें. जपानी स्वारीच्या वेळीं बाँबहल्ल्यांत जखमी झालेल्यांची शुश्रूषा तेथें झाली. युद्ध संपल्यावर त्याच दालनांत युद्धगुन्ह्यांचे खटले चालले. १९५४ च्या नोव्हेंबरांत पीपल्स ॲक्शन पार्टी या पक्षाची स्थापना तेथेंच झाली. पुढें देशाची सत्ता याच पक्षाच्या हातीं आली. सम्राज्ञीच्या स्मारकांत तिचें साम्राज्य सरावें अशी इच्छा धरणारांची सभा भरावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

१९७९ सालीं सिंगापूर सिंफनी ऑर्केस्ट्रा हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याच्यासाठीं सभागृहाची दुरुस्ती होऊन १९८० सालीं त्यास ‘व्हिक्टोरिया कॉन्सर्ट हॉल’ हें नांव मिळालें. परंतु सभेचें दालन गायनवादनास आपोआप योग्य ठरत नाहीं. वक्त्याचा शब्द स्पष्ट ऐकूं यावा, यासाठीं घुमणारा आवाज नकोसा असतो; व्हायोलिनचा सूर मात्र क्षणभर तरंगत रहावयास हवा. शिवाय सज्जा फार पुढें आला, तर खालीं बसलेल्यांस सूर दबलेला वाटतो. म्हणून २०१० ते २०१४ या काळांतील नूतनीकरणांत सज्जा आंखूड केला आणि आसनें कमी केलीं. आतां तीं ६७३ आहेत.

ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. सभागृह बांधतांना खुर्च्या किती मावतील, याचाच हिशेब बहुधां आधीं होतो. शेवटच्या रांगेंतील श्रोत्यास काय ऐकूं येईल, हें मागाहून आठवतें. येथें श्रोते थोडे चालतील, पण श्रवण चांगलें हवें, असा निर्णय झाला.

वाद्यवृंदाचे मोठे कार्यक्रम २००२ पासून एस्प्लनेड येथें होऊं लागले, तरी जुनें दालन मुकें झालें नाहीं. राणीचें नांव कोणी पुसलें नाहीं आणि तिच्या नांवाखातर दारास कुलूपही लावलें नाहीं. आपापल्या गांवच्या स्मारकमंदिरांचे चालक या उदाहरणाचा विचार करतील काय?